पायली, घनफूट आणि घनमीटर : मुळशी खोऱ्यातील घनमापनाचा इतिहास व एककांच्या रूपांतराचा प्रश्न

प्रस्तावना :

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमाचा आरंभ बहुधा एकके व मापन या प्रकरणाने होतो. हे प्रकरण सोपे समजले जाते. तथापि गृहपाठात विद्यार्थ्यांना वारंवार मदत मागावी लागते ती याच प्रकरणातील घनफळाच्या रूपांतराविषयी. एक मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर हे ज्याला पाठ असते, तोच विद्यार्थी एक घनमीटर म्हणजे शंभर घनसेंटिमीटर असे लिहून मोकळा होतो. वास्तविक ती संख्या दहा लाख असते. अशा वेळी त्याला रूपांतराचे कोष्टक दिले जाते व त्या कोष्टकाच्या आधारे उत्तर जुळतेही. परंतु मूळ गोंधळ कायम राहतो. आपण नेमके काय मोजत आहोत आणि एका मापातून दुसऱ्या मापात जाताना काय टिकते व काय सुटते, याचा बोध कोष्टकातून होत नाही.

पुणे जिल्ह्यातील मुळशी खोरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. या खोऱ्यात घनफळ मोजण्याच्या तीन पद्धती एकामागून एक आल्या. भाताची पायली ही पहिली, धरणाच्या पाण्याचे घनफूट ही दुसरी आणि दशमान पद्धतीतील लिटर व घनमीटर ही तिसरी. प्रत्येक पद्धतीमागे वेगळी वस्तू, वेगळा मोजणारा आणि वेगळी सत्ता होती. प्रस्तुत लेखात या तीन पद्धतींचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, एककांचे रूपांतर हा केवळ गुणाकाराचा प्रश्न नसून राशीचे स्वरूप ओळखण्याचा प्रश्न आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

पायलीची मापनव्यवस्था :

मुळशी हा सह्याद्रीच्या माथ्यालगतचा अतिपर्जन्याचा प्रदेश. येथील नदीकाठच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी यांसारखी पिके घेतली जात. आंब्याच्या मोहोरासारख्या सुगंधामुळे आंबेमोहर हे नाव मिळालेला तांदूळ ही या परिसराची ओळख होय. अशा प्रदेशात धान्य तराजूने तोलण्यापेक्षा मापाने मोजणे सोयीचे होते. खळ्यावर तराजू व वजने नेण्याऐवजी एक लाकडी किंवा धातूचे माप पुरेसे होत असे.

मराठी मुलखातील धान्यमापांचे कोष्टक सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे होते. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली, बारा पायल्या म्हणजे एक मण आणि वीस मण म्हणजे एक खंडी. या हिशेबाने खंडीत २४० पायल्या अथवा ९६० शेर होतात. काही भागांत मात्र मण सोळा पायल्यांचा धरला जाई; तेथे तीच खंडी ३२० पायल्यांची होई. म्हणजे एकाच नावाच्या मापात एकतृतीयांशाचा फरक पडत असे.

याहून महत्त्वाची अडचण शेर व मण या शब्दांच्या दुहेरी अर्थाची होती. वजनी शेर आणि मापी शेर अशी दोन मापे एकाच नावाने वावरत होती. ब्रिटिश काळात रूढ झालेल्या प्रमाणानुसार वजनी शेर ८० तोळ्यांचा व वजनी मण ४० शेरांचा होता. उलट वर दिलेल्या कोष्टकातील मापी मण ४८ शेरांचा होतो. पहिले माप वस्तुमानाचे, दुसरे घनफळाचे. त्या दोहोंत कोणताही एकच गुणक असू शकत नाही, कारण त्यांना जोडणारा दुवा म्हणजे त्या त्या धान्याची घनता होय. एक लिटर साळ, म्हणजे टरफलासह भात, सुमारे साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम भरते; सडलेला तांदूळ त्याच भांड्यात सुमारे आठशे ग्रॅम भरतो. तेव्हा ‘एक पायली म्हणजे किती किलो?’ या प्रश्नाला धान्याचे नाव सांगितल्याशिवाय उत्तर नाही. मापारी हे अनुभवाने जाणत होता. आजचा विद्यार्थी मात्र पुष्कळदा घनतेचे सूत्र पाठ असूनही ते येथे लागू होते हे ओळखत नाही.

मापाच्या काठावर येणारी रास हाही या व्यवस्थेचा महत्त्वाचा भाग होता. माप सपाट करून द्यावे की शीग लावून, यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचा लाभ ठरत असे. एखादी गोष्ट ‘शिगेला पोहोचली’ असे आपण म्हणतो, तो वाक्प्रचार याच शिगेवरून आला आहे. मापाची सुरुवात ‘एक’ असे न म्हणता ‘लाभ’ असे म्हणून करण्याची प्रथाही सर्वपरिचित आहे. कुळाने मालकाला वा सावकाराला धान्यरूपाने खंड घालताना माप कोणाचे, शीग किती आणि मोजणारा कोण, हे तीनही प्रश्न त्याच्या वर्षाच्या पोटाशी निगडित होते. देण्याचे माप एक आणि घेण्याचे माप दुसरे, ही ग्रामीण महाराष्ट्रातील जुनी तक्रार होय.

परंपरेतील गणित आणि पाठांतराची मदत :

धान्याच्या घनफळाचा शास्त्रीय विचार या भूमीला नवा नव्हता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मधील ग्रंथात आरंभीच मापांच्या परिभाषा दिल्या आहेत. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा घनहस्ताची एक मागध खारी, खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा भाग आढक, आढकाचा चौथा भाग प्रस्थ व प्रस्थाचा चौथा भाग कुडव, अशी ही मांडणी आहे. येथे धारकतेचे माप लांबीच्या मापाशी थेट जोडलेले आहे, ही बाब विशेष लक्षणीय होय. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. म्हणजे हे गणित महाराष्ट्राच्या भूमीत शिकविले जात होते.

याच ग्रंथातील राशिव्यवहार या प्रकरणात जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचे घनफळ काढण्याची रीत आहे. राशीची उंची मोजण्याचीही आवश्यकता नाही. जाड धान्य असल्यास परिघाचा दहावा भाग, बारीक धान्य असल्यास अकरावा भाग आणि भातासारखे शूकधान्य असल्यास नववा भाग ही उंची मानावी. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावे, म्हणजे घनहस्त मिळतात. उदाहरणार्थ, भाताच्या राशीचा परीघ ३६ हात असल्यास उंची ४ हात, परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग ३६ आणि घनफळ १४४ घनहस्त म्हणजेच १४४ खारी. आजच्या शंकूच्या सूत्राने हेच उत्तर सुमारे साडेसदतीस अधिक शंभर, म्हणजे १३७.५ येते. फरकाचे कारण असे, की या रीतीत परीघ व व्यास यांचे गुणोत्तर तीन धरले आहे. त्यामुळे उत्तर सुमारे पावणेपाच टक्क्यांनी वाढते. खळ्यावरच्या अंदाजासाठी ती स्थूल रीत पुरेशी होती. तथापि धान्याच्या जातीनुसार राशीचा उतार बदलतो, हे निरीक्षण त्या नियमात समाविष्ट आहे, आणि तेच त्याचे खरे भौतिक मर्म होय.

गावच्या पंतोजीच्या शाळेत मात्र हे मर्म पोहोचले नाही. पोहोचली ती उजळणी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांनी मुलाला शेर-पायलीचा तोंडी हिशेब तत्काळ करता येत असे. त्रैराशिकाच्या रीतीने भाव व माप यांची सांगड घालता येई. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने मराठीत गणिताची छापील पाठ्यपुस्तके तयार होऊ लागली. पुढे अंकलिपी व शालेय पुस्तके यांतून मापांची कोष्टके घराघरांत गेली. ही मदत व्यवहारास पुरेशी होती, कारण विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष माप असे. पायली म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नव्हते.

जमिनीचे माप आणि घनफुटाचे आगमन :

ब्रिटिश अमदानीत प्रथम बदलले ते जमिनीचे माप. पाच हात व पाच मुठी यांची काठी, वीस काठ्यांचा पांड व वीस पांडांचा बिघा या जुन्या मापांच्या जागी एकर व गुंठा आले. पुणे जिल्ह्यातीलच इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या पाहणीतून मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी विकसित झाली. ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे मान तेव्हापासून लोकांच्या जिभेवर आजतागायत टिकले आहे.

घनफूट हे एकक मुळशीत आले ते धरणाबरोबर. टाटा पॉवर कंपनीची स्थापना १९१९ मध्ये झाली. मुळा नदीचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिमेस तत्कालीन कुलाबा, म्हणजे सध्याच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे सोडावे आणि त्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करावी, अशी ही योजना होती. त्या काळी मुळशी पेटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील शेतकऱ्यांनी जमीन देण्यास विरोध केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. याच लढ्यामुळे बापट हे ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आंदोलन १९२४ पर्यंत चालले, पण धरण थांबले नाही. भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास केला असून, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

मापनाच्या दृष्टीने पाहता या संघर्षात दोन वेगवेगळे हिशेब समोरासमोर आले होते. अभियंत्याच्या हिशेबात खोरे म्हणजे एक भांडे होते. त्या भांड्यात किती घनफूट पाणी मावते आणि ते किती उंचीवरून खाली सोडता येते, यावर विजेचे प्रमाण ठरणार होते. हा हिशेब भौतिकदृष्ट्या निर्दोष होता. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येते असे धरल्यास प्रत्येक घनमीटर पाण्यातून, कोणतीही गळती वा घर्षण न मोजता, सुमारे ४९ लाख जूल ऊर्जा मिळते. म्हणजे जवळजवळ एक पूर्णांक छत्तीस शतांश युनिट वीज. साहजिकच उंचावरचे प्रत्येक घनफूट मौल्यवान होते.

शेतकऱ्याचा हिशेब खंडीचा होता. खाचरातून दरसाल किती खंडी भात येते, त्यातून खंड किती जातो, बियाणे किती ठेवायचे आणि घरात किती पायल्या उरतात, यावर त्याचे जीवन अवलंबून होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने या दोन हिशेबांमध्ये तिसरे माप घातले, ते रुपयांचे. जमिनीची बाजारभावाने किंमत आणि त्यावर शेकडा पंधरा टक्के अधिक रक्कम, असे त्या कायद्याचे सूत्र होते. एकरावर रुपयांचा दर लावला की प्रश्न सुटला, असे कागदावर दिसे. परंतु जमिनीची मालकी अनेक ठिकाणी सावकारांकडे व कसणूक मावळ्यांकडे होती. मोबदला मालकीला मिळणार होता. दरवर्षीची पायली मात्र कसणाऱ्याची जाणार होती. सावकार-मालकांनी मोबदला स्वीकारण्याकडे कल दाखविला आणि कसणाऱ्यांची बाजू दुर्बल झाली, यामागे हा भेद होता. वार्षिक उत्पन्नाचे एकरकमी रकमेत झालेले हे रूपांतर अंकगणिताने बरोबर असले, तरी त्यात कसणाऱ्याचा हक्क ही राशी कोठेच मोजली गेली नव्हती.

दशमान पद्धती व दोन मापांचे सहजीवन :

भारतात दशमान वजनमापांचा विचार स्वातंत्र्याच्या पूर्वीच झाला होता. १८७१ च्या कायद्यात किलोग्रॅमइतका शेर आणि त्यावर आधारलेले धारकतेचे एकक सुचविले होते. परंतु तो कायदा अंमलात आला नाही. मुंबई इलाख्यापुरता १९३२ मध्ये वजनमापांचा कायदा झाला. १९३९ चा केंद्रीय कायदा केवळ वजनांपुरता मर्यादित होता. धारकतेची मापे त्यात आली नाहीत. अखेरीस १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली, १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारातून शेर-मण अधिकृतपणे निवृत्त झाले. वजनी शेराचे रूपांतर ०.९३३ किलोग्रॅम असे निश्चित करता आले. पायलीच्या बाबतीत मात्र मापातून वजनाकडे जावे लागले. म्हणजे राशीच बदलली.

येथे एक लक्षणीय गोष्ट नोंदवावी लागते. लिटरच्या व्याख्येतही घनफळ व वस्तुमान यांची अशीच सरमिसळ दीर्घकाळ होती. १९०१ पासून एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा म्हणजे लिटर, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या होती. त्यामुळे लिटर हा हजार घनसेंटिमीटरांहून किंचित मोठा भरत असे. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द होऊन लिटर म्हणजे नेमका एक घनडेसिमीटर असे ठरले. मापी शेर व वजनी शेर यांचा घोटाळा केवळ खेड्यातला नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

बाजारात दशमान पद्धती आली तरी धरणाच्या पाण्याचे एकक बदलले नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७० च्या दशकात राज्यांचे हिस्से अब्ज घनफुटांत, म्हणजे टीएमसीमध्ये ठरविले. महाराष्ट्राचा ५६० टीएमसीचा हिस्सा हा त्यातलाच. निवाड्याची भाषा हीच व्यवहाराची भाषा झाली. परिणामी पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात दशलक्ष घनमीटर, वृत्तपत्रात टीएमसी, नदीच्या विसर्गासाठी क्युसेक आणि नळाच्या पाण्यासाठी लिटर, अशी चार एकके पुणे परिसरातील नागरिक एकाच दिवशी वाचतो.

मुळशी धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे ५२ कोटी २७ लाख घनमीटर आहे. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे लक्षात ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने या संख्येला ३.२८ ने गुणले, तर उत्तर १.७ टीएमसी येईल. म्हणजे खडकवासल्याच्या १.९७ टीएमसीच्या जलाशयापेक्षाही मुळशी लहान ठरेल. घनफळासाठी गुणकाचाही घन करावा लागतो. ३.२८ चा घन सुमारे ३५.३ आणि त्यानुसार योग्य उत्तर सुमारे साडेअठरा टीएमसी. खोऱ्याचा परिचय असलेल्या विद्यार्थ्याला पहिले उत्तर चुकले आहे, हे गणित न तपासताही कळू शकते.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत साठवण हजार घनमीटरांत दिलेली असते. ‘हजार घनमीटर’ आणि ‘घन किलोमीटर’ हे सारखेच समजून केलेल्या नोंदी माहितीच्या नकलांमध्ये आढळतात. वस्तुतः हजार मीटरांचा घन म्हणजे शंभर कोटी घनमीटर. या गफलतीने मुळशीचा जलाशय दहा लाखपट मोठा होऊन बायकल सरोवराच्या वीसपटींहून अधिक भरतो. प्रत्यक्षात तो सुमारे अर्धा घन किलोमीटर आहे.

अशा चुका नेहमीच वहीपुरत्या राहत नाहीत. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन आकाशातच संपले. टाकीतील लिटरांचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करताना घनतेचा पौंडांतील आकडा वापरला गेला होता. वैमानिकांनी इंजिनाविना ते विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले आणि प्रवासी बचावले. लिटर व किलो यांना जोडणारी घनता कोणत्या एककात आहे हे न पाहणे, एवढीच ती चूक होती. धरणाखालच्या वस्तीला विसर्गाची सूचना क्युसेकमध्ये मिळते, तेव्हाही अशाच समजेची गरज असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड एक दिवस चालू राहिला तर एक टीएमसी पाणी वाहून जाते. साठा आणि विसर्ग यांतील काळाचे हे नाते ज्याला समजले, त्याला त्या सूचनेचा अर्थ लागतो.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार :

वरील इतिहासावरून विद्यार्थ्याला द्यावयाच्या मदतीचे स्वरूप स्पष्ट होते. रूपांतरापूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावणे आवश्यक आहे. दिलेली राशी लांबी, क्षेत्रफळ, घनफळ की वस्तुमान? दोन राशी भिन्न असल्यास त्यांना जोडणारा दुवा घनता आहे की काळ? आणि आलेले उत्तर परिचित वस्तूच्या तुलनेत संभवनीय आहे काय? घरातील जुनी पायली पाण्याने भरून तिचे लिटर मोजणे, मग तीत साळ व तांदूळ भरून वजन करणे, शीग व सपाट मापांतील फरक काढणे, हे प्रयोग कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयात अल्प खर्चात होऊ शकतात. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी, हे उदाहरण मुळशीसारख्या पावसाळी तालुक्यात सहज पटते. इतिहास व पदार्थविज्ञान या विभागांनी असा उपक्रम एकत्रितपणे हाती घेतल्यास तो उभयतांना लाभदायक ठरेल.

निष्कर्ष :

१. मुळशी खोऱ्यातील पायली, घनफूट व घनमीटर ही घनफळाची मापे असली, तरी धान्य, ऊर्जा व प्रशासन अशा तीन भिन्न व्यवहारांची ती एकके होती.

२. पायलीचे किलोत होणारे रूपांतर घनतेवर अवलंबून असल्याने त्यास एकच गुणक असू शकत नाही. शेर व मण या शब्दांच्या दुहेरी वापरामुळे हा भेद झाकला गेला.

३. १९२१ ते १९२४ च्या संघर्षात जमिनीचे रुपयांत झालेले रूपांतर मालकीपुरते पूर्ण होते. कसणाऱ्याच्या वार्षिक धान्याची नोंद त्यात आली नाही.

४. लवादाच्या निवाड्यामुळे घनफूट टिकून राहिले आहे. त्यामुळे रूपांतराचे कौशल्य ही पुणे परिसरातील नागरिकाची आजही व्यावहारिक गरज आहे.

५. कोष्टक पाठ असणे ही मदतीची पहिली पायरी होय. काय मोजले जात आहे आणि काय मोजायचे राहिले आहे, हे ओळखता आल्यावरच विद्यार्थ्याचे मापनाचे शिक्षण पूर्ण होते.